रूट बीअर आणि ड्राइव्ह-इन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा आला की भारतातून पाहुणे येतात. नायगरा होतो, शिकागो होतं, देवळं होतात. मग एका संध्याकाळी मी त्यांना गावाबाहेरच्या जुन्या टपरीवर न्यायचे. टपरी म्हणजे नारिंगी छपराखाली गाड्या उभ्या करायची जागा आणि मध्ये खोलीएवढं स्वयंपाकघर. गाडी उभी करायची, गाडीतच बसून राहायचं, आणि खिडकीच्या काचेला अडकवलेल्या ट्रेवरून बर्फ धरलेल्या मगातली रूट बीअर प्यायची. १९९८ साली मी इंडियानात शिकायला आले, तेव्हापासून तेच तेच प्रश्न ऐकतेय. आधी मी विचारायचे, आता मला विचारतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते.

रूट बीअर प्यायल्यावर गाडी चालवता येते का?

येते. दारू नसते त्यात. पोरंसोरं पितात. उपवासाला चालते का, ते आपापल्या आईला विचारा. माझ्या आईने "मुळांची आहे ना? मग कंदमुळात धरू" असा निकाल दिला होता.

मग तिला 'बीअर' कशाला म्हणायचं?

कारण मुळात ती थोडीफार बीअरच होती. अमेरिकेत येऊन वसलेले लोक रानातली मुळं आणि साली उकळून, त्यात साखर आणि यीस्ट घालून घरीच एक हलकं आंबवलेलं पेय करायचे. बाजारात तिला नाव मिळालं ते चार्ल्स हायर्स नावाच्या फिलाडेल्फियाच्या औषधविक्रेत्यामुळे. १८७६ साली तिथे अमेरिकेच्या शताब्दीचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, त्यात त्याने ती लोकांसमोर मांडली. तो विकायचा ती कोरडी पूड. २५ सेंटच्या पुडीत पाच गॅलन, म्हणजे १९ लिटरच्या आसपास पेय व्हायचं. म्हणतात, त्याच्या मनात 'रूट टी' हे नाव होतं. पण पेनसिल्व्हेनियातले कोळसाखाणीतले कामगार संध्याकाळी चहा प्यायला येतील का, असं कुणीतरी सुचवलं आणि चहाची बीअर झाली.

गंमत पुढेच आहे. हायर्स स्वतः दारूबंदीवाला. त्याने रूट बीअर विकली ती दारूला पर्याय म्हणून. आणि १८९५ साली दारूबंदीसाठी झगडणाऱ्या ख्रिस्ती महिलांच्या संघटनेने त्याच्याच पेयावर बहिष्कार टाकला. यीस्ट आहे म्हणजे दारू असणारच, असं त्यांचं म्हणणं. तीन वर्षांनी प्रयोगशाळेत तपासणी झाली. निष्कर्ष असा, की ब्रेडच्या अर्ध्या लादीत असतं तेवढंच अल्कोहोल एका बाटलीत आहे. बहिष्कार उठला. नावाने केलेला घोटाळा आपल्या पाहुण्यांच्या चेहऱ्यावर मात्र अजून दिसतो.

ही आयोडेक्ससारखी लागते. माझंच तोंड बिघडलंय का?

नाही. तुमचं नाक अगदी बरोबर आहे.

रूट बीअरमध्ये बऱ्याच वस्तूंचा वास एकत्र येतो: व्हॅनिला, ज्येष्ठमध, बडीशेपेच्या जातीचं काहीतरी, कधी बर्च झाडाची साल. त्यात पुढे येतो तो विंटरग्रीन नावाच्या झुडपाचा वास. त्या पानांच्या तेलात मिथाइल सॅलिसिलेट असतं. आपल्याकडच्या सांधेदुखीच्या मलमाच्या डबीवर बारीक अक्षरांत 'गंधपुरा तेल' असं छापलेलं असतं, ते त्याच कुळातल्या झाडाचं आणि त्याच द्रव्याचं. म्हणजे अमेरिकन माणसाला त्या वासाने च्युइंगगम आणि उन्हाळ्याची सुट्टी आठवते, आणि आपल्याला मुरगळलेला पाय. जपानी लोकही असंच म्हणतात: पाठीवर चिकटवायच्या औषधी पट्टीचा वास येतो. तरीही ओकिनावा बेटावर १९६३ पासून रूट बीअरचं ड्राइव्ह-इन चालू आहे. ते बेट तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं. अमेरिकन कारभार १९७२ साली संपला, रूट बीअर राहिली. सवय लागते, एवढाच त्याचा अर्थ. मला लागायला चार मग लागले.

पाहुण्यांसाठी सल्ला: पहिला घोट घेताना श्वास रोखा, दुसरा घोट मोकळ्या नाकाने घ्या. दुसऱ्यात व्हॅनिला सापडतं.

आपल्याकडे असं काही मिळतं का?

पेय म्हणून अगदी जवळचं म्हणजे दक्षिणेतलं नन्नारी सरबत. नन्नारी म्हणजे आपलं अनंतमूळ, उपळसरी. इंग्रज तिला 'इंडियन सार्सापरिला' म्हणायचे. खरी सार्सापरिला ही मध्य अमेरिकेतली काटेरी वेल, रूट बीअरची सख्खी चुलत बहीण असलेलं पेय तिच्यापासून करतात. अनंतमुळाचं या वेलीशी काही नातं नाही, पण त्याच्या मुळातलं सुगंधी द्रव्य आणि व्हॅनिलातलं द्रव्य जवळजवळ एकाच बांधणीचं आहे. त्यामुळे वासाची ओळख पटते. आयुर्वेदिक दुकानातून अनंतमूळ आणून वास घेऊन बघा. त्यात मलमाचा भाग नसतो, हा फायदाच.

म्हातारी माणसं म्हणतात, "पूर्वीची चव राहिली नाही." खरं की नुसतंच म्हातारपण?

या बाबतीत खरं. जुन्या रूट बीअरचा जीव होता सासाफ्रास नावाच्या झाडाच्या मुळाची साल. तिच्या तेलात सॅफ्रोल असतं. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना त्यामुळे यकृताचा कर्करोग होतो असं दिसलं आणि १९६० साली अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने खाद्यपदार्थांत त्यावर बंदी घातली. तेव्हापासून सॅफ्रोल काढून टाकलेला अर्क किंवा कृत्रिम स्वाद वापरतात. आज सत्तरी ओलांडलेल्यांनी लहानपणी जी प्यायली, ती आता दुकानात मिळणार नाही.

ड्राइव्ह-इन आणि ड्राइव्ह-थ्रू एकच ना?

अजिबात नाही, आणि या एका फरकासाठी मी कुणाशीही भांडायला तयार आहे. ड्राइव्ह-थ्रूमध्ये तुम्ही रांगेत सरकत सरकत खिडकीशी येता, पिशवी घेता आणि मागचा हॉर्न वाजवायच्या आत निघता. ड्राइव्ह-इनमध्ये गाडी उभी राहते. इंजिन बंद. मुलगी येऊन ऑर्डर घेते, खिडकीची काच वितभर वर ठेवायला सांगते आणि त्या काचेवर रबर लावलेल्या आकड्यांनी ट्रे टांगते. ट्रे टांगला की तुम्हाला हलता येत नाही. काचेचा मग परत द्यायचाय. म्हणजे संपेपर्यंत तिथेच थांबायचं. पुढच्या सीटवर दोघं, मागे तिघं, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. अशा बसण्यात माणसं जे बोलतात ते जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बोलत नाहीत. माझ्या सासऱ्यांनी नोकरी सोडायचं ठरवलंय, हे आम्हाला अशाच एका संध्याकाळी कळलं. ते विंडशील्डकडे बघून बोलत होते.

हे सुरू कुणी केलं?

खिडकीशी जेवण आणून देण्याचा मान बहुतेक जण टेक्सासला देतात. १९२१ साली डॅलस–फोर्ट वर्थ रस्त्यावर जेसी कर्बीने 'पिग स्टँड' काढलं. विकायचं ते डुकराच्या मांसाचं सँडविच. गाडीवाली माणसं इतकी आळशी असतात की जेवायलाही उतरणार नाहीत, असा त्याचा अंदाज होता. चुकीचा म्हणता येणार नाही.

रूट बीअरची बाजू कॅलिफोर्नियातली. २० जून १९१९ रोजी लोडाय गावात पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांची मिरवणूक होती, त्या दिवशी रॉय ॲलनने रस्त्याच्या कडेला रूट बीअरचा ठेला लावला. पाच सेंटला एक मग. कृती त्याने एका औषधविक्रेत्याकडून विकत घेतली होती. १९२२ साली फ्रँक राइट भागीदार झाला आणि दोघांच्या आडनावांची आद्याक्षरं जोडून 'ए अँड डब्ल्यू' हे नाव तयार झालं. योगायोग बघा: १९२० साली देशभर दारूबंदी आली होती. बार बंद, आणि हातात फेसाळता मग धरायची सवय तशीच. ती सवय रूट बीअरने भागवली. पुढे नाव आणि अर्क देऊन दुसऱ्यांना दुकान काढू द्यायची पद्धत ॲलनने लवकरच सुरू केली, आणि १९७० च्या सुमारास या नावाची दोन हजारांहून जास्त दुकानं होती.

शाळामास्तरांचाही यात मोठा हात आहे. ओहायोतल्या मॅन्सफिल्डमध्ये १९२४ साली 'स्टुअर्ट्स' काढलं ते एका शिक्षकाने, पगारात भागेना म्हणून. १९५३ साली इलिनॉयमधल्या शँपेनमध्ये 'डॉग अँड सड्स' काढलं ते संगीताच्या दोन शिक्षकांनी. उन्हाळ्याची सुट्टी आणि रूट बीअरचा हंगाम एकच.

मॅरियट हॉटेलवाल्यांचं रूट बीअरचं दुकान होतं म्हणतात, ते खरं?

खरं. विलार्ड मॅरियटने १९२७ साली वॉशिंग्टनमध्ये नऊ स्टुलांचं ए अँड डब्ल्यूचं दुकान घातलं. थंडी आली, थंडगार रूट बीअर कोण पिणार? म्हणून त्याने चिली आणि तमाले असे गरम मेक्सिकन पदार्थ ठेवले, नाव बदलून 'हॉट शॉप्स' केलं, मग गाडीपाशी नेऊन देऊ लागला. हॉटेल काढलं ते थेट १९५७ साली.

कारहॉप म्हणजे स्केट्स घातलेल्या मुलीच ना?

कारहॉप म्हणजे गाडीशी जेवण आणून देणारे. सुरुवातीला पोरगे होते. जुन्या गाड्यांना बाजूने फूटबोर्ड असायचा; गाडी आत शिरताना हे पोरगे त्यावर उडी मारून चढायचे, म्हणजे गिऱ्हाईक दुसऱ्याच्या वाट्याला जायचं नाही. म्हणून 'हॉप'. मुली आल्या त्या पुढे, आणि युद्धाच्या काळात पोरं सैन्यात गेल्यावर तर जास्तच. स्केट्स काही ठिकाणी होते, पण बरेच जण साध्या बुटांतच पळायचे. आमच्या शेजारच्या आजी सोळाव्या वर्षी हे काम करायच्या. त्या म्हणतात, सहा भरलेले मग एका ट्रेवर घेऊन खडीवरून चालणं हीच कसरत होती, त्यात चाकं कुठे बांधता!

टिप किती द्यायची? ट्रे परत कोण नेतं?

टिप इतर हॉटेलांसारखीच. ट्रे न्यायला बोलवायचं तर दिवे लावा, हॉर्न वाजवू नका. पुण्याची सवय इथे आवरा.

कॅनमधली आणि नळाची, फरक पडतो का?

कॅनमधल्या रूट बीअरमुळेच आपल्याकडच्या लोकांचा पहिला अनुभव वाईट होतो, असं माझं ठाम मत आहे.

फाउंटनवर सरबताचा दाट पाक आणि वायू भरलेलं थंड पाणी नळाच्या तोंडाशी एकत्र येतात, साधारण एकास पाच या प्रमाणात. जुन्या टपऱ्यांवर पाक तिथल्या तिथे, उसाच्या साखरेत करायचे, काही अजून करतात. कॅनमध्ये बहुधा मक्याचा पाक असतो. ती गोडी जिभेवर उशिरा उतरते. पण खरी करामत मगाची. पाऊण किलोचा जाड काचेचा मग तासन् तास डीप फ्रीजरमध्ये ठेवतात. बाहेर काढला की हवेतली वाफ त्यावर पांढरी गोठते, आणि पेय ओतलं की आतल्या बाजूने बर्फाचा पातळ पापुद्रा धरतो. द्रव थंड असला की वायू धरून ठेवतो, त्यामुळे शेवटचा घोटही झणझणीत. वरचा फेस टिकावा म्हणून युका किंवा क्विलाया झाडाचा अर्क घालतात. आपला रिठा जसा फेस धरतो तसाच. बर्फाचे तुकडे टाकायची गरज नाही, म्हणून पाणचट होत नाही.

कागदी पेल्यात तीच रूट बीअर घेतली तर दहा मिनिटांत तिचा काढा होतो. मी करून बघितलंय.

फ्लोट घ्यावा का?

घ्या. पहिल्यांदा पिणाऱ्याने फ्लोटच घ्यावा. व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा टाकला की मलमाचा वास दबतो. जुनं नाव 'ब्लॅक काउ'. कोलोरॅडोच्या क्रिपल क्रीकमधली दंतकथा अशी, की १८९३ साली तिथल्या एका सोडावाल्याला चांदण्यात काळा डोंगर आणि त्याच्या माथ्यावरचा बर्फ दिसला आणि त्याला ही कल्पना सुचली. आइस्क्रीम आधी आणि पेय मागून टाकलं तर फेस मांडीवर येतो, एवढं लक्षात ठेवा.

इतकं चांगलं होतं तर बंद का पडलं?

बसून राहायला मिळायचं, म्हणूनच. कॉलेजची पाच पोरं एका गाडीतून येणार, दोन मग मागवणार आणि दीड तास जागा अडवणार. दुसऱ्या गाडीतल्या मुलींशी बोलणार, रेडिओ मोठा लावणार, मग चुरूचुरू टायर वाजवत गावभर चकरा मारून पुन्हा तिथेच. मालकाचा धंदा बुडतो, शेजाऱ्यांची झोप जाते. काही गावांनी अशा चकरा मारण्याविरुद्ध नियमच केले.

हा हिशेब सगळ्यात आधी मांडला मॅकडोनल्ड भावांनी. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोमध्ये त्यांचं चांगलं चाललेलं कारहॉपवालं ड्राइव्ह-इन होतं. १९४८ साली त्यांनी ते काही महिने बंद ठेवलं, कारहॉप काढून टाकल्या, काचेची भांडी काढून टाकली, पदार्थ मोजकेच ठेवले आणि सांगितलं: उतरा, खिडकीशी या, १५ सेंटचा हॅम्बर्गर घ्या आणि जा. पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे.

मग १९५६ चा महामार्गांचा कायदा आला. ४१,००० मैलांचे नवे रस्ते ठरले, आणि ते जुन्या गावांना वळसा घालून गेले. ज्या रस्त्यावर टपरी होती तो रस्ताच ओस पडला. १९७३ साली तेलाची टंचाई झाली, नुसतं फिरायला म्हणून गाडी काढणं महाग झालं. १९७५ साली ॲरिझोनातल्या सिएरा व्हिस्टामध्ये मॅकडोनल्ड्सने आपली पहिली ड्राइव्ह-थ्रू खिडकी उघडली. जवळच्या तळावरच्या सैनिकांना कामाच्या गणवेशात गाडीबाहेर उतरायला मनाई होती, म्हणून. गाडीत बसूनच जेवण हवं ही भूक तीच होती. फक्त थांबणं वजा झालं. त्यात माझी एक भर: गाड्यांना एसी आले आणि काचा वर गेल्या. ट्रे अडकवणार कुठे?

ए अँड डब्ल्यूच्या बर्गरचा आणि अपूर्णांकांचा काय किस्सा आहे?

१९८० च्या दशकात त्यांनी एक तृतीयांश पौंडाचा बर्गर काढला, मॅकडोनल्ड्सच्या पाव पौंडाच्या किमतीत. खपेना. तेव्हाचे मालक आल्फ्रेड टॉबमन यांनी पुढे सांगितलं, की चौकशी केल्यावर निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकांना वाटत होतं, तीनापेक्षा चार मोठा, म्हणजे पाव जास्त! पावकी-निमकी पाठ केलेल्या माझ्या वडिलांना हा किस्सा सांगितला तेव्हा ते दोन दिवस हसत होते.

तो काळ खरंच इतका सोनेरी होता का?

सगळ्यांसाठी नव्हता. दक्षिणेकडच्या कित्येक ड्राइव्ह-इनमध्ये कृष्णवर्णीयांना गाडीपाशी कुणी यायचंच नाही, किंवा मागच्या खिडकीतून पुडकं देऊन वाटेला लावायचे. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला तरी साउथ कॅरोलायनातल्या 'पिगी पार्क' या ड्राइव्ह-इन साखळीने नकार चालूच ठेवला. खटला झाला. त्यात वाद कशावर रंगला, तर गाडीत बसून खाणं हे 'त्या जागेवर खाणं' धरायचं का यावर. खालच्या न्यायालयाने निम्म्याहून कमी गिऱ्हाईक तिथे खातं म्हणून कायदा लागू नाही असं ठरवलं. वरच्या न्यायालयाने ते उलटवलं, आणि १९६८ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मालक हरले. वर मी ज्या बसून राहण्याचं एवढं कौतुक केलं, त्याच्यासाठी काही माणसांना कोर्टात जावं लागलं होतं. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात कुणी "ते दिवस!" म्हणून उसासा टाकला, की मला हा खटला आठवतो.

भारतात ड्राइव्ह-इन होतं का?

होतं, आणि फार सुंदर होतं. चेन्नईत कॅथेड्रल रोडवर झाडांच्या गर्द सावलीत वुडलँड्स ड्राइव्ह-इन १९६२ ते २००८ चाललं. गाडीशी डोसा आणि फिल्टर कॉफी यायची. आज तिथे सेम्मोळी पूंगा नावाचं उद्यान आहे. मुंबईत नावाने ड्राइव्ह-इन नसलं तरी ताजच्या मागे बडेमियाँच्या गाडीशी बॉनेटचं टेबल करून कबाब खाल्लेले लोक हा प्रश्न मला विचारत नाहीत.

आता बघायचं तर कुठे जावं?

सॉनिक या ड्राइव्ह-इन साखळीची साडेतीन हजारांच्या घरात दुकानं आहेत. ओक्लाहोमात १९५३ साली रूट बीअरच्या ठेल्यापासूनच तो उद्योग सुरू झाला. बटण दाबा, बोला, कुणीतरी घेऊन येईल. सोय चांगली आहे, पण पेला प्लास्टिकचा. ओहायोत ॲक्रनजवळ असाल तर स्वेन्सन्सला जा. १९३४ पासून आहे, आणि पोरं खरोखर धावत गाडीशी येतात. शिकागोत सुपरडॉग, छपरावर हॉटडॉगची जोडी उभी आहे. अटलांटात १९२८ चं व्हर्सिटी, अवाढव्य. पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्या मुलांनी वेस्ट लाफायेतमधलं ट्रिपल एक्स सोडू नये: १९२९ चं आहे, आता आत बसूनच खायचं, पण काचेचा मग गोठलेला आणि रूट बीअर नळाची. मध्यपश्चिमेतल्या छोट्या टपऱ्या हिवाळ्यात बंद असतात. मार्च-एप्रिलला उघडतात, हॅलोविनच्या आसपास मिटतात. आधी फोन करून निघा.

काचेचा मग घरी नेता येतो का?

नाही. तरी इतक्या लोकांनी इतक्या वर्षांत नेले, की जुन्या वस्तूंच्या दुकानांत ते रांगेने मांडलेले असतात.

माझ्याकडे एक आहे, पण चोरीचा नाही. मी ज्या टपरीवर पाहुण्यांना नेत होते ती तीन वर्षांपूर्वी हंगामाच्या शेवटी मिटली आणि पुढच्या मार्चमध्ये उघडलीच नाही. सामान अंगणात मांडून विकायला काढलं होतं. ट्रे सगळे गेले होते. मालकिणीने मला ओळखलं. "दर उन्हाळ्यात नवे म्हातारे घेऊन येणारी" म्हणून. दोन डॉलरला मग दिला. तो आता आमच्या फ्रीजरमध्ये खवलेल्या नारळाच्या पाकिटाशेजारी असतो. यंदा जूनमध्ये आत्या येणार आहे. तिला ड्राइव्हवेवर गाडीतच बसवणार आहे, काच वितभर वर ठेवून.